एक कोड, सहा रेव्हिट: ॲड-इन सांभाळण्याची माझी पद्धत

२०२१च्या जूनमध्ये, फोंड्यात पाऊस धो धो कोसळत असताना, माझं ॲड-इन, म्हणजे रेव्हिटमध्ये जादा बटणं आणणारा छोटा जोड-प्रोग्रॅम, वापरणाऱ्या म्हापशाच्या एका आर्किटेक्टचा फोन आला. "बाय, बटण दिसता, पूण दामल्यार कांयच जायना." म्हणजे बटण दिसतंय, पण दाबलं की ढिम्म. ना चुकीचा संदेश, ना क्रॅश. मी म्हटलं, लाइट आली की बघते. लाइट रात्री नऊला आली आणि पुढचे दोन तास मी स्वतःलाच शिव्या घालत होते.

त्यांच्या ऑफिसात रेव्हिट, म्हणजे इमारतींची मॉडेलं बनवायचं ऑटोडेस्कचं सॉफ्टवेअर, २०२१वरून २०२२वर नेलं होतं. त्यांच्या मुलाने हुशारी करून माझी जुनी डीएलएल, म्हणजे ॲड-इनची बांधून तयार झालेली फाइल, नव्या वर्षाच्या फोल्डरात टाकली होती. रेव्हिटने ती मुकाट्याने लोड केली, रिबनवर बटणही आणलं. पण आत मी एककं बदलण्यासाठी जे फंक्शन वापरलं होतं, त्याचं जुनं रूप २०२२मध्ये काढून टाकलेलं होतं. डॉट नेटमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ज्या पायावर अशी ॲड-इन चालतात त्यात, असं नाहीसं झालेलं फंक्शन लोड होताना पकडलं जात नाही. ज्या मेथडमध्ये त्याला हाक मारली आहे ती मेथड पहिल्यांदा चालायची वेळ आली की मगच ते कळतं. आणि तिथे मी सगळ्यात वर एक कोरा कॅच ब्लॉक लिहून ठेवला होता, चूक गिळून गप्प बसणारा. तेव्हा पहिली गोष्ट आत्ताच सांगून टाकते: लोड झालं म्हणजे चाललं असं नाही, आणि कोरा कॅच कधीही लिहू नका.

माझं ॲड-इन छोटं आहे. नाव चिरेमोजणी. रेव्हिटमधल्या भिंती निवडायच्या, ते दारं-खिडक्या वजा करून किती चिरे लागतील ते सांगतं. चिऱ्याचं माप खाणीगणिक बदलतं, म्हणून ते वापरणाऱ्याने भरायचं. दुसरं बटण छपरावरून मंगळुरी कौलं मोजतं. सी शार्पमध्ये लिहिलेलं, सगळं मिळून काही हजार ओळी. आज ते २०२१पासून २०२६पर्यंतच्या सहा आवृत्त्यांवर चालतं आणि मी एकटीच ते सांभाळते. कसं, ते लिहिते. ऑटोकॅड किंवा एक्सेलसाठी ॲड-इन लिहिणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल, नावं तेवढी बदलतील.

सहा आवृत्त्या हव्यातच कशाला?

नवीन लोक हे हमखास विचारतात. सगळ्यांना नवीन आवृत्ती घ्यायला सांगा की! तसं होत नाही, कारण रेव्हिटची फाइल एकदा नव्या आवृत्तीत सेव्ह केली की जुन्यात उघडत नाही, आणि जुन्या स्वरूपात सेव्ह करायची सोयही नाही. त्यामुळे स्ट्रक्चरलवाला, प्लंबिंगवाला, आर्किटेक्ट असे एका प्रकल्पावरचे सगळे एकाच आवृत्तीला बांधलेले असतात. आपल्याकडे एखाद्या रिसॉर्टचं काम परवानग्यांपासून कौलं चढेपर्यंत चार-चार वर्षं चालतं. मडगावचं एक ऑफिस म्हणूनच अजून २०२१ उघडतं. पणजीतल्या एका कन्सल्टंटला मात्र मुंबईच्या लोकांबरोबर काम असतं, त्याला २०२५ आणि २०२६ दोन्ही लागतात. एकाच मशीनवर तीन-तीन रेव्हिट शेजारी शेजारी बसलेले असतात आणि माणसाची अपेक्षा असते की बटण सगळीकडे सारखंच असावं. ही अपेक्षा रास्त आहे.

फोल्डर कॉपी करण्याचा मोह

म्हापशाच्या प्रकरणानंतर मी सोपा मार्ग धरला. अख्खा प्रोजेक्ट कॉपी केला, नाव दिलं चिरेमोजणी-२२, चुका दुरुस्त केल्या. पुढच्या वर्षी चिरेमोजणी-२३. पहिले सहा महिने हा मार्ग इतका छान वाटतो की कोणी सांगून पटणार नाही.

मग २०२३मध्ये एक बग सापडला. एकाच खिडकीचं क्षेत्रफळ काही भिंतींत दोनदा वजा होत होतं. मी २२ आणि २३मध्ये दुरुस्त केलं. २१मध्ये करायचं राहिलं, चवथीची गडबड होती. त्या आवृत्तीवर काढलेल्या एका घराच्या यादीत चिरे कमी भरले आणि गवंडी साइटवर हात बांधून बसले. चूक निव्वळ माझी. जास्तीच्या ट्रकचं भाडं मी द्यायला निघाले, तर त्या गृहस्थांनी घेतलं नाही, त्याने आणखीच लाज वाटली. त्या आठवड्यात मी तिन्ही फोल्डर शेजारी शेजारी उघडून तुलना केली. तिन्ही वेगवेगळ्या दिशांना गेले होते. एका फंक्शनची तीन नावं झाली होती.

कोडचा इतिहास सांभाळणाऱ्या गिटमध्ये आवृत्तीगणिक ब्रँच, म्हणजे कोडची समांतर वाट, ठेवणं हा त्याच रोगाचा सभ्य प्रकार आहे. बदल एका ब्रँचमधून दुसरीत न्यायचा कंटाळा येतोच. माझी मुख्य ब्रँच एकच आहे, आणि लोकांच्या हातात गेलेल्या प्रत्येक बिल्डला टॅग.

एकच प्रोजेक्ट, सहा कॉन्फिगरेशन

आताची मांडणी अशी. प्रोजेक्ट फाइल नव्या, आटोपशीर स्वरूपाची, म्हणजे एसडीके शैलीची. जुन्या लांबलचक स्वरूपात हे करता येतं, पण डोळे दुखतात. व्हिज्युअल स्टुडिओ २०२२ची १७.८ किंवा पुढची आवृत्ती घ्या, कारण डॉट नेट ८ त्याआधीच्यात नीट बसत नाही.

नेहमीच्या डीबग-रिलीज या जोडीऐवजी मी कॉन्फिगरेशनची नावं डीबग-आर२१, रिलीज-आर२१ अशी आर२६पर्यंत ठेवली आहेत. प्रोजेक्ट फाइलमध्ये वरच एक अट असते: नावाच्या शेवटी आर२१ असेल तर वर्ष २०२१, आर२२ असेल तर २०२२. एकदा वर्ष कळलं की बाकीचं त्यातूनच निघतं: रेव्हिटच्या दोन संदर्भ डीएलएल कुठून घ्यायच्या, बिल्ड कुठल्या फोल्डरात टाकायचं, डीबग करताना कुठलं रेव्हिट सुरू करायचं. पुढच्या वर्षी नवीन आवृत्ती आली की एक नाव आणि एक अट वाढवायची.

लक्ष्य फ्रेमवर्कही वर्षावरूनच ठरतं. २०२१ ते २०२४ या चारही आवृत्त्या डॉट नेट फ्रेमवर्क ४.८वर आहेत. २०२५ला रेव्हिटने डॉट नेट ८वर उडी घेतली आणि २०२६ही तिथेच आहे. डॉट नेट ८ लिहिताना त्याला विंडोजची शेपटी लावायला आणि डब्ल्यूपीएफ चालू करायला विसरू नका, नाहीतर पडद्यावर उघडणाऱ्या खिडक्यांचा सगळा कोड लाल होतो. ४.८वर बांधलेली डीएलएल २०२५मध्ये कधीकधी चाललेली दिसते. त्यावर विसंबू नका, ती नको त्या दिवशी पडते.

रेव्हिटच्या संदर्भ डीएलएलना "कॉपी लोकल" नेहमी बंद. चालू राहिलं तर त्या डीएलएलची एक प्रत आपल्या फोल्डरात येऊन बसते आणि मग जे गूढ प्रकार होतात ते शोधण्यात रविवार जातो. काहीजण या संदर्भ डीएलएल न्यूगेट या लायब्ररींच्या ऑनलाइन भांडारातल्या पॅकेजमधून घेतात, म्हणजे मशीनवर सहाही रेव्हिट नसली तरी बिल्ड होतं. मी मात्र बसवलेल्या रेव्हिटकडेच बोट दाखवते, चाचणीसाठी ती लागतातच.

शेवटचं म्हणजे कंपाइलरची चिन्हं. प्रत्येक कॉन्फिगरेशनमध्ये मी "२०२४ किंवा पुढचं" अशा अर्थाची चढती चिन्हं देते. आर२६ बांधताना २०२२पासूनची, २०२४पासूनची, २०२५पासूनची, सगळी चालू असतात. "फक्त २०२४" असं चिन्ह ठेवलंत तर दर वर्षी कोडभर फिरून "किंवा २०२५, किंवा २०२६" जोडत बसावं लागतं. हे मी करून बघितलं आहे.

उंबरठा

माझे मामा गावच्या जत्रेतल्या नाटकांत काम करायचे. तीच संहिता, पण या देवळाच्या मांडवात विंग डावीकडे आणि पलीकडच्या गावात विंगच नाही, माडाच्या झावळ्यांचा आडोसा. संहितेत कोणी "डाव्या विंगेतून प्रवेश" असं लिहून ठेवत नसे. रंगमंच बघून मामा दुपारी ठरवायचे, कोण कुठून येणार. संध्याकाळी वाक्यं तीच.

ॲड-इनचंही तसंच करायचं. चिरे मोजण्याचं गणित म्हणजे लांबी, उंची, वजावट, सांध्याची जाडी. त्याचा रेव्हिटशी काही संबंध नाही. ते मी डॉट नेट स्टँडर्ड २.०च्या वेगळ्या लायब्ररीत टाकलं. ही लायब्ररी ४.८वरही चालते आणि ८वरही, एकदाच बांधायची. तिला रेव्हिटचा संदर्भच नाही, म्हणून तिच्या चाचण्या रेव्हिट न उघडता होतात. लॅपटॉपवर, लाइट नसतानाही.

रेव्हिटशी बोलणाऱ्या भागात एक फाइल आहे, तिचं नाव मी खरंच "उंबरठा" ठेवलं आहे. आवृत्तीगणिक बदलणारी प्रत्येक गोष्ट या फाइलमध्ये, आणि अटीचं चिन्ह या फाइलच्या बाहेर दिसलं तर ती चूक. आज तीत जेमतेम दीडशे ओळी आहेत. त्यात काय काय आहे ते सांगते, कारण तुम्हीही इथेच अडखळणार.

एककं. रेव्हिट आत लांबी फुटांत ठेवतं, मॉडेल मीटरचं असलं तरी. जुनी रूपांतर-पद्धत २०२१मध्ये वॉर्निंगवर आली आणि २०२२मध्ये गेली. मी आधी दोन्ही पद्धती अटीत लिहिल्या, मग लक्षात आलं की मला फक्त फुटांचे मीटर करायचे आहेत. ०.३०४८ने गुणलं की झालं! ती अट मी पुसली. होस्टला, म्हणजे इथे रेव्हिटला, हात जितका कमी लावाल तितका तो कमी बदलतो.

पॅरामीटर. चिऱ्यांची संख्या मी भिंतीवरच एका पॅरामीटरमध्ये लिहिते. त्याचा प्रकार सांगण्याची जुनी रीत २०२३मध्ये गेली, तो कुठल्या गटात दिसावा हे सांगण्याची जुनी रीत २०२५मध्ये गेली. दोन्ही वेळा आधीच्या वर्षी कंपाइलर वॉर्निंग देत होता. साधारण रीत हीच आहे: आधी "हे जुनं झालं" असा इशारा, मग पुढे काढून टाकणं. म्हणून मी या वॉर्निंग दाबून ठेवत नाही. पुढच्या एप्रिलची कामाची यादी आयती मिळते.

एलिमेंट-आयडी. २०२४मध्ये हा आकडा ३२ बिटांवरून ६४ बिटांचा झाला. माझ्या कोडमध्ये तो जागोजागी साधा ३२ बिटांचा इंट म्हणून साठवला होता, लॉगमध्ये, जेसनमध्ये. आता उंबरठ्यावर एकच फंक्शन आहे, ते नेहमी ६४ बिटांचा लाँग परत करतं. जुन्या आवृत्तीत आतून इंट येतो आणि रुंद होतो. आत कोणालाही फरक कळत नाही.

बटणांवरची चिन्हं. हे अगदी किरकोळ, पण तक्रारी यावरच जास्त. २०२४मध्ये रेव्हिटला गडद थीम आली आणि माझी काळ्या रेषांची चिन्हं काळोखात गडप झाली. तिसवाडीतल्या एका मुलीने विचारलं, "ताई, बटण काढून टाकलंत का?" आता दोन जोड आहेत.

डॉट नेट ८ची उडी

हिचा त्रास एपीआयच्या, म्हणजे रेव्हिटने प्रोग्रॅमसाठी दिलेल्या फंक्शनांच्या, बदलांहून वेगळा असतो, कारण इथे कंपाइलर एक शब्द बोलत नाही. बिल्ड हिरवं असतं, पण वागणं बदललेलं असतं.

माझ्या "मदत" बटणाने ब्राउझर उघडायचा. २०२५मध्ये बंद. कारण प्रोसेस सुरू करताना विंडोजच्या शेलचा वापर करायचा की नाही, याचं मूळ उत्तर जुन्या फ्रेमवर्कमध्ये "हो" होतं, नव्यात "नाही" आहे. ते उघडपणे "हो" लिहिलं की दोन्हीकडे चालतं.

दुसरं जास्त छळणारं निघालं. दरपत्रक मी सीएसव्हीतून वाचते. लोक ते एक्सेलमध्ये बनवतात आणि त्यात चौरस मीटरसाठी "²" लिहितात. वाचताना मी "मूळ एन्कोडिंग" म्हटलं होतं. जुन्या फ्रेमवर्कमध्ये त्याचा अर्थ विंडोजचं एएनएसआय कोडपेज, नव्यात यूटीएफ-८. त्यामुळे २०२५वर त्या वरच्या दोनच्या जागी प्रश्नचिन्हाचा चौकोन, आणि एकक ओळखता न आल्याने अख्खी ओळ वगळली जायची. बेरीज कमी. मला चिऱ्यांचा तो ट्रक पुन्हा दिसायला लागला. आता कुठलीही फाइल वाचताना एन्कोडिंग नावानिशी सांगते, आणि न समजलेली ओळ वगळण्याऐवजी लाल करून दाखवते. एएनएसआय कोडपेजच हवं असेल तर डॉट नेट ८मध्ये त्याचा प्रोव्हायडर आधी नोंदवावा लागतो, हेही ध्यानात ठेवा.

तिसरी गोष्ट दोन्हीकडची: बाहेरच्या लायब्ररी. मी न्यूटनसॉफ्ट जेसन वापरत होते. दुसऱ्या कोणाचं ॲड-इनही तेच वापरतं, पण वेगळ्या आवृत्तीचं. जो आधी लोड होईल त्याची डीएलएल सगळ्यांच्या गळ्यात. २०२६मध्ये मॅनिफेस्टमधून, म्हणजे रेव्हिटला ॲड-इनची ओळख आणि पत्ता सांगणाऱ्या छोट्या फाइलमधून, आपलं ॲड-इन वेगळ्या कप्प्यात चालवायची सोय आली आहे, पण मागच्या पाच आवृत्त्यांना तिचा उपयोग नाही. माझी सेटिंग फाइल दहा-बारा ओळींची होती. लायब्ररी काढून टाकली आणि साधं एक्सएमएल लिहिलं. तुमचं काम मोठं असेल तर हे जमणार नाही, पण प्रत्येक बाहेरच्या डीएलएलला "तू हवीसच का?" असं विचारून तर बघा.

चाचणी

माझ्याकडे एक कुंपणाची भिंत आहे. मॉडेलमध्ये, खरी नव्हे. लांबी ५ मीटर, उंची ३ मीटर, एक दार, दोन खिडक्या, एक वळण, आणि त्या जुन्या बगवाली खिडकी. ही फाइल २०२१मध्ये बनवली आणि तिची प्रत प्रत्येक आवृत्तीत उघडून तिथे सेव्ह केली. मूळ फाइल रीड-ओन्ली, कारण चुकून नव्यात सेव्ह झाली की परतीची वाट नाही. सहा फाइली, उत्तर एकच यायला हवं. चिऱ्यांचा आकडा एकानेही हलला तर बिल्ड बाहेर जात नाही.

गणिताच्या चाचण्या आपोआप होतात. रेव्हिटमधली चाचणी मी हातानेच करते: सहा वेळा उघडायचं, बटण दाबायचं, आकडा वहीत लिहायचा. चहासकट पाऊण तास. प्रत्येक बटण दाबायचंच, सुरुवातीला सांगितलेल्या कारणासाठी.

आणि कोऱ्या कॅचच्या जागी आता लॉग आहे. त्याची पहिली ओळ रेव्हिटचं वर्ष आणि बिल्ड क्रमांक, दुसरी माझ्या डीएलएलचा क्रमांक. फोन आला की मी फक्त त्या दोन ओळी वाचून दाखवायला सांगते. निम्म्या वेळा तिथेच उलगडा होतो.

लोकांच्या हाती देताना

कागदावर बघितलं तर मला चारच बिल्ड पुरतील: २०२१, २०२२-२३, २०२४ आणि २०२५-२६. तरी मी सहा बांधते. डिस्कला काय भूक आहे? आणि "ही डीएलएल कुठल्या वर्षाची" हा प्रश्न फोल्डरच्या नावातच सुटतो.

इन्स्टॉलर एकच, इनो सेटअपवर बनवलेला. तो मशीनवर कुठली रेव्हिट आहेत ते बघतो आणि प्रोग्रॅम-डेटातल्या ऑटोडेस्कच्या फोल्डरात, रेव्हिटच्या ॲड-इन्सखाली, त्या त्या वर्षाच्या कप्प्यात मॅनिफेस्ट ठेवतो. मॅनिफेस्टमधला डीएलएलचा पत्ता सापेक्ष ठेवा. रेव्हिट उघडं असताना डीएलएल बदलता येत नाही, म्हणून इन्स्टॉलर आधी "रेव्हिट बंद करा" म्हणतो आणि अडून बसतो. आधी लोकांनी हाताने वापरकर्त्याच्या रोमिंग फोल्डरात टाकलेली जुनी मॅनिफेस्ट तो शोधून काढून टाकतो, नाहीतर एकच आयडी दोनदा आली म्हणून रेव्हिट कुरकुरतं. डीएलएलवर सही नसेल तर रेव्हिट पहिल्यांदा परवानगी मागतं. तिथे "नेहमी लोड करा" दाबायचं, हे मी मोठ्या अक्षरात चित्रासकट पाठवते. तरीही कोणीतरी "लोड करू नका" दाबतंच.

आवृत्ती क्रमांक सगळ्या बिल्डना एकच. ३.२ म्हणजे सहाही वर्षांत ३.२. २०२३साठी ३.१ आणि २०२५साठी ३.२ असं सुरू झालं की फोल्डर कॉपीचा जमाना मागच्या दाराने परत येतो.

एप्रिलमध्ये

नवीन रेव्हिट साधारण एप्रिलच्या सुमारास येतं. मी पहिल्या दिवशी धावत नाही. आधी रेव्हिटच्या एसडीकेबरोबर, म्हणजे ॲड-इन लिहिणाऱ्यांसाठीच्या साहित्यसंचाबरोबर, येणारं एपीआय-बदलांचं टिपण वाचते, माझ्या उंबरठ्यातल्या नावांपुरतंच. मग कॉन्फिगरेशन वाढवते, बिल्ड मारते, लाल ओळी उंबरठ्यात निस्तरते. उंबरठ्याबाहेर लाल ओळ आली तर तो कोड आधी आत हलवते, आणि ते सहाही आवृत्त्यांसाठी. मग कुंपणाची भिंत. दोन संध्याकाळी पुरतात, लाइटची कृपा असेल तर.

जुनी आवृत्ती कधी सोडायची हे मी वर्षावरून ठरवत नाही. वहीत एक पान आहे: कुठलं ऑफिस, कुठली आवृत्ती, कुठल्या प्रकल्पासाठी. २०२२च्या रकान्यात आता कोणी नाही, पण तिच्यासाठी वेगळी एकही अट नसल्याने ती फुकटात चालते. २०२१साठी मात्र उंबरठ्यात एक जुनी अट मुद्दाम जिवंत ठेवली आहे, मडगावच्या एकट्या रिसॉर्टसाठी. परवा त्यांना विचारलं, छपराचं काय? म्हणाले, वासे चढले, कौलं पावसानंतर. म्हणजे दिवाळीपर्यंत ती अट राहू दे.